तांबडीचा घाम आणि चहाच्या काड्या

मी हुसूर बोलतेय.

नाव ऐकून बिचकू नका. घोड्याच्या अंगावरचा घाम निपटायची मी साधी लाकडी पट्टी आहे. वीतभर लांब, मधे जराशी खोलगट, मुठीत धरायच्या जागी हात लागून लागून गुळगुळीत झालेली. खरारा तुम्हाला माहीत असेल, त्याची मी लांबची बहीण समजा. तो धूळ काढतो, मी घाम काढते. धूळ काय, कुठलीही उडून कुणाच्याही अंगावर बसते. घाम मात्र ज्याचा त्याचा असतो, म्हणून त्यात सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

माझी जागा दाराजवळ. गेरच्या, म्हणजे आमच्या गोल तंबूघराच्या, छपराला आतून लाकडी दांड्या असतात, त्यातल्या एकीत मला खोचून ठेवतात. तिथून चूल दिसते, घोडीचं दूध आंबवायची कातडी पिशवी दिसते आणि दार उघडं असलं की बाहेरची दावणही दिसते. गेरला खोल्या नसतात. नवराबायको भांडली की मला ऐकू येतं, आणि भांडायची थांबली की तेही कळतं. भोचक म्हणा हवं तर. पण एका घरात इतकी वर्षं काढल्यावर माणसांचं काय चाललंय इकडे काणाडोळा करणं मला तरी जमलेलं नाही.

मी जन्मले ती एका मोडक्या खोगिरातून. झांबाल म्हणून एक जण होते, त्यांचा घोडा बर्फाखालच्या बिळात पाय जाऊन पडला आणि खोगिराची पुढची फळी फुटली. घोडा उठला, झांबालही उठले, फळी तेवढी दोन तुकडे झाली. दुसऱ्या कुणी ती चुलीत घातली असती. झांबालनी त्यातला बरा तुकडा घेतला, काचेच्या तुकड्यानं तासला, मेंढीच्या चरबीत मुरवला आणि उन्हाळ्यात आपल्या मुलाच्या हातात दिला.

"धर," ते म्हणाले. "ही घोड्याच्या पाठीवरच जन्मली आहे. हिला जे कळेल ते तू वाचायला शीक."

तो मुलगा म्हणजे माझा मालक, देंदेव. आज त्याच्या मिशा पांढऱ्या आहेत.

आमच्याकडे शर्यतीचा घोडा तयार करणाऱ्याला 'बांधणारा' म्हणतात. ते बरोबरच आहे, कारण अर्धी विद्या बांधण्यात आहे. उन्हाळ्यात गवत वर आलं की घोडे खातात आणि फुगतात. पोट घेऊन पळता येत नाही. म्हणून नादाम या उन्हाळी जत्रेतली शर्यत जवळ आली की घोड्याला कळपातून आणायचं, दोन खांबांमधे उंच ताणलेल्या दावणीला बांधायचं, भूक जरा धरायला लावायची. किती वेळ बांधायचा, कधी सोडायचा, कुठल्या उतारावर चारायचा, सगळं त्या त्या घोड्याच्या तब्येतीवर. मधूनमधून त्याला पळवून आणायचं, घाम काढायचा. मग माझं काम.

मानेपासून पोटाखाली देंदेव मला एका लांब ओढीत फिरवतो. पहिले काही घाम दाट येतात, फेसाळ, चिकट. त्यात चरबी असते, असं बांधणारे म्हणतात. जसजसा घोडा हलका होत जातो तसतसा घाम पातळ होतो, आणि एक दिवस माझ्या खोलगट भागात नुसतं पाणी थांबल्यासारखं दिसतं. देंदेव त्यात बोट बुडवतो, जिभेवर ठेवतो, डोळे मिटतो. खारटपणा गेला असेल तर म्हणतो, "झाला." तो 'झाला' ऐकायला शेजारच्या गेरमधली माणसं येऊन उभी राहायची. तो लीदही फोडून बघायचा, शेपटीच्या मुळाशी अंगठा दाबायचा, कुशीवर हात ठेवायचा. पण शेवटचा शब्द माझा असायचा. मला त्याचा अभिमान होता, कशाला खोटं बोलू.

देंदेवच्या घोड्यांनी पुष्कळ नादाम मारले. जिंकलेल्या घोड्याचा घाम अंगाला लागला की चांगलं असतं म्हणून लोक धावत यायचे, मला कपाळाला लावायचे. त्याची बायको दुलमा तेव्हा लांब उभी राहून हसायची. "घोडे तुमचे, दूध माझं," असं तिचं म्हणणं. ती कधी दावणीवर जाऊन शहाणपण सांगत नसे आणि तो कधी दुधात बोट घालत नसे. असं त्यांचं छान चाललं होतं.

मग तो हिवाळा आला. बर्फ पडलं, वितळलं आणि परत गोठलं. गवतावर काचेसारखा थर बसला. घोडे खुरांनी तो फोडायला बघायचे, खूर रक्ताळायचे, गवत काही मिळायचं नाही. अशा हिवाळ्याला आम्ही झुद म्हणतो आणि तो शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. वसंतात देंदेव जिथे जिथे घोडे पडले होते तिथे गेला आणि एकेकाच्या कवटीखाली मानाचा दगड ठेवून आला.  घरी येऊन त्यानं मला दांडीतून काढून पुसलं, आणि परत खोचलं.

राहिले ते रोज बसायचे काही म्हातारे घोडे आणि एक घोडी. झांबालच्या वेळच्या जातीतली ती शेवटची. ती व्यायली आणि शिंगराला पुरतं चाटायच्या आधीच गेली. मागे राहिलं एक तांबडं, मादी शिंगरू, पाय थरथरणारं.

दुलमानं ते गेरमध्ये आणलं. गाईचं दूध कोमट करून बैलाच्या पोकळ शिंगातून पाजलं. चुलीशेजारी निजवलं. तांबडी जगली. दार उघडं दिसलं की मान आत घालायची, दुलमाच्या बाह्या हुंगायची. बाहीत वाळवलेल्या दह्याचे तुकडे असायचे, त्यांना आम्ही आरुल म्हणतो. तिला तेही आवडायचे, पण जीव होता चहाच्या चोथ्यावर. आमचा चहा दूध-मिठाचा असतो, विटेसारख्या घट्ट वड्या फोडून केलेला, त्यात पानांपेक्षा काड्याच जास्त. गाळून उरलेला खारट, दुधाळ चोथा दुलमा बादलीत टाकायची आणि तांबडी बादलीत तोंड घालून ती चाटूनपुसून रिकामी करायची. तिचं पोट असं गोल झालं की शेजारचा शागदार म्हणायचा, "वहिनी, हे घोडं नाही, हे टरबूज आहे. कापून बघा, आत लाल निघेल."

दोन वर्षं गेली. तांबडी शर्यतीच्या वयाची झाली. आमच्याकडे सगळ्यात लहान शर्यत दोन वर्षांच्या शिंगरांचीच असते, त्यात माद्याही धावतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर लोकरीचा जाड नमदा लाटायला चार घरं एकत्र जमली होती. लोकर पसरून, पाणी मारून, गुंडाळून ती घोड्यामागे ओढायची असते. काम संपलं, वाट्या फिरल्या. शागदारला जरा चढली होती. तो देंदेवचा दूरचा भाऊ लागतो, मनाचा वाईट नाही, फक्त तोंड सैल आहे.

"देंदेवदादा," तो म्हणाला, "यंदा त्या हुसूरचं काय करणार? वहिनींना सांगा, दही ढवळायला घ्या म्हणावं."

सगळे हसले. देंदेवही हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं वाटी खाली ठेवली.

"यंदाच्या नादामला," तो म्हणाला, "तांबडी पुढे येईल. माझ्या बापाच्या घोड्यांची जात आहे. तुम्ही सगळे तिचा घाम कपाळाला लावाल."

हसू थांबलं. आमच्याकडे असं बोलून झालं की ते परत घेता येत नाही. दुलमा चहा ओतत होती, तिनं फक्त एकदा वर बघितलं.

तिथून पुढे तांबडी दावणीला आली.

सुरुवातीला सगळं रीतीनं चाललं. शेपटी बांधली, कपाळावरची आयाळ वर बांधली, सकाळी बांध, दुपार उलटली की चरायला सोड. शागदारची मुलगी ओयुन तिला हलकं हलकं पळवून आणायची. पहिला घाम दाट होता, तो असायचाच. दुसराही दाट होता. तिसऱ्याला देंदेवनं मला ओढलं, बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"खारट," तो म्हणाला. "आणि दुधासारखा."

त्यानं विचार केला तो एखाद्या बांधणाऱ्यानं करावा असाच. शिंगरू घरात वाढलंय, गाईच्या दुधावर पोसलंय, चरबी आतपर्यंत बसली आहे. मग जास्त वेळ बांधायला हवं. त्यानं जास्त वेळ बांधलं. मेंढीच्या कातड्याची झूल घालून पळवलं. घाम आला तोही खारट. मग त्यानं आणखी जास्त वेळ बांधलं.

आता मला जे दिसत होतं ते सांगते. देंदेव पहाटे दावणीवरून एक फेरी मारून गाईगुरं बघायला टेकडीपलीकडे जायचा. तो दिसेनासा झाला की दुलमा दूध काढायची बादली घेऊन बाहेर पडायची. बादली रिकामी नसायची. आदल्या दिवसाचा सगळा चोथा, वर ताक, त्यात आरुलचे तुकडे. तांबडीपाशी जाऊन ती बादली धरायची आणि दुसऱ्या हातानं तिच्या बरगड्या चाचपायची. जितक्या बरगड्या हाताला लागत, तितका दुसऱ्या दिवशी बादलीत आरुल जास्त.

म्हणजे बघा. तो घामाकडे बघून तिला उपाशी ठेवत होता. ती बरगड्यांकडे बघून तिला मीठ आणि दूध चारत होती. ते मीठ घामात येत होतं, मी ते त्याच्या बोटावर देत होते, आणि तो तिला आणखी उपाशी ठेवत होता. मधे ते पोर. दोघांचाही जीव तिच्यावर. वाईट कुणीच करत नव्हतं आणि वाईट रोज होत होतं.

मला तोंड असतं तर मी एका सकाळीच सगळं सांगून मोकळी झाले असते. पण मी जे चाटते तेच दाखवते, त्यापलीकडे माझ्याकडे काही नाही. त्यात मीठ कुठून आलं हे मला सांगता येत नाही.

एका संध्याकाळी दुलमा चुलीपाशी बसून म्हणाली, "तिच्या बरगड्या मोजता येतात."

"मोजू नकोस मग," देंदेव म्हणाला.

"पोट ओढल्यासारखं झालंय. मागून बघा एकदा."

"मी पुढून, मागून, खालून बघतो. तू दूध बघ. आपलं ठरलंय ना?"

"ठरलंय खरं." ती म्हणाली. "पण तिचे दुधाचे दात अजून आहेत हो. बाप्याचं काम लावलंय तिला तुम्ही."

"वडिलांची जात आहे ती. पेलेल."

"वडिलांची जात आहे म्हणूनच विचारते. एवढीच आहे."

त्यावर त्यानं मला दांडीतून काढलं आणि उगाचच पुसत बसला.  तिलाही तेव्हा बादलीचं सांगता आलं असतं. तिनं चुलीत शेणी सारल्या. लपवलेली गोष्ट जितकी मायेची, तितकी ती बाहेर काढणं अवघड जातं, असं मला तेव्हा वाटलं.

नादामला थोडेच दिवस उरले असताना लांबच्या पल्ल्याची चाचणी ठरली. ओयुननं तांबडीला दूर दगडांच्या राशीपर्यंत चालवत नेलं आणि तिथून पळवत आणायला निघाली. देंदेव मला पट्ट्यात खोचून वाट बघत उभा होता. शागदारही आला होता. धूळ दिसली, जवळ आली, आणि मधेच खाली बसली.

देंदेव घोड्यावर बसून तिकडे गेला, त्याच्याबरोबर मीही. ओयुन पायउतार होऊन लगाम धरून उभी होती.

"काका, मी चाबूक नाही लावला," ती आधीच म्हणाली. "तिनं आपण होऊन पळणं सोडलं. मग मान वळवून पोटाकडे बघायला लागली."

तांबडीचे चारही पाय थरथरत होते. ती खाली बसली, उठली, परत बसली. तिच्या अंगावर घाम होता पण तो पळण्याचा नव्हता. देंदेवनं सवयीनं मला ओढलं. मी निपटलं ते गार होतं. गार घाम मी फक्त त्या हिवाळ्यात पाहिला होता. देंदेवनं बोट बुडवलं आणि ते जिभेपर्यंत नेलंच नाही.

त्यानं तिला उठवलं, हळूहळू चालवलं. चालता चालता तिनं लीद टाकली. बांधणारा कितीही घाबरला तरी लीद बघितल्याशिवाय राहत नाही. देंदेव गुडघ्यावर बसला, एक गोळा उचलला, फोडला. बराच वेळ तो बघत राहिला. मग दुसरा फोडला. मग त्यानं त्यातलं काहीतरी चिमटीत धरून उन्हाकडे केलं.

ती चहाची काडी होती.

तो तसाच बसून राहिला. दुलमा गेरकडून पळत येत होती, लांब झग्याचं टोक वर धरून, तोंडानं काहीतरी म्हणत. जवळ आली तेव्हा देंदेवनं तळहात पुढे केला.

"हे काय आहे?"

तिनं बघितलं. धापा टाकत होती, तरी खोटं बोलली नाही.

"चहा."

"माझं घोडं चहा पितं?"

"लहानपणापासून पितं."

"दावणीवर असताना?"

"रोज," दुलमा म्हणाली. "बोला मला. काय बोलायचं ते बोला, पण चालता चालता बोला. तिला थांबवू नका, पोट आवळलंय तिचं."

दोघं तिच्या दोन बाजूंनी चालू लागली. तो लगाम धरून, ती पोटावर तळहात गोल गोल फिरवत. ओयुन मागे. शागदारनं तोंड उघडलं, काय वाटलं कुणास ठाऊक, मिटलं, आणि कोमट पाणी आणायला गेला. त्याच्याकडून एवढं शहाणपण मी आधी पाहिलं नव्हतं.

अशा किती फेऱ्या झाल्या ते माझ्या लक्षात नाही. कधीतरी मधे देंदेव म्हणाला, "म्हणून खारट होता."

"मला काय माहीत तुम्ही मीठ चाखता," दुलमा म्हणाली. "मला वाटलं, चरबी चाखता."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही बादली लाथाडली असती."

"लाथाडली असती," तो म्हणाला. मग काही पावलं गेल्यावर, "आणि तिला सोडली मात्र नसती. तेही खरं."

तो पुढे बोलत राहिला, तांबडीच्या मानेकडे बघत, जणू तिलाच सांगतोय. "पूर्वी दावणीला सात-आठ घोडे असायचे. एकाकडे जरा जास्त बघितलं की दुसऱ्याकडे कमी. त्यामुळे कुणाचंच फार नुकसान व्हायचं नाही. यंदा मी सगळाच्या सगळा हिच्या एकटीच्या डोक्यावर बसलो. जे घोडे गेले त्यांचंही हिच्याकडूनच मागत होतो."

"मीही," दुलमा म्हणाली. "जे उपाशी गेले त्यांचं हिलाच चारत होते."

मी पट्ट्यात होते, दोघांच्या मधे. माझं इतक्या वर्षांचं आयुष्य घाम वाचण्यात गेलं, पण त्या दिवशी कळलं की मला फक्त घोड्याचा घाम वाचता येतो. त्याला बांधणाऱ्याच्या मनात काय साठलंय ते माझ्या पट्टीवर येत नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तांबडीनं एक लांब श्वास सोडला, मान झटकली आणि वाकून गवताचं एक पातं तोडलं. दुलमानं तिथेच बसकण मारली आणि तोंड झाकून घेतलं. देंदेवनं तांबडीची कपाळावरची बांधलेली आयाळ सोडली, मग शेपटीची गाठ सोडली. लगामही काढला. तांबडी कुठे गेली नाही, दुलमाच्या बाह्या हुंगायला लागली.

"आज नाही गं," दुलमा म्हणाली. "आज गवत."

दुसऱ्या दिवशी शागदार आला. त्याला विचारायचं एकच होतं आणि ते विचारायला त्यानं चहाच्या दोन वाट्या घेतल्या.

"मग दादा, नादामला..."

"जाणार," देंदेव म्हणाला.

दुलमाचा हात थांबला.

"जाणार, पण बांधणार नाही," तो तिच्याकडे बघून म्हणाला. "खाईल, चरेल. नीट असली तर नेऊ, नसली तर नाही. ओयुनला सांगेन, चाबूक घरी ठेव. दमली तर चालव, थांबली तर थांब. बाकीच्या शिंगरांबरोबर एकदा धूळ अंगावर घेऊ दे, म्हणजे पुढच्या वेळी बुजणार नाही."

"मागे राहील," शागदार म्हणाला. यात टोमणा नव्हता.

"राहील."

"तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात."

"बोललो होतो. आता सगळ्यांसमोर मागे राहीन. बोलताना कुणी तोंड धरलं नव्हतं माझं." दुलमाच्या ओठांच्या कडेला हसू आलं, ते मी वरून पाहिलं.

नादामचा दिवस उजाडला. दुलमानं तांबडीला पुढून, मागून, खालून बघितलं आणि मान हलवली, तेव्हाच देंदेवनं खोगीर घातलं. टेकडीवर माणसं जमली होती. शिंगरं लांब गेली, दिसेनाशी झाली, मग धूळ उठली. पहिला घोळका आला तेव्हा लोक ओरडत खाली धावले. पहिल्या शिंगराला मिठ्या पडल्या, त्याचा घाम निपटायला कुणाची तरी चकचकीत नवी हुसूर आली. देंदेव जागचा हलला नाही. मी त्याच्या पट्ट्यात होते. त्याचं पोट श्वासानं वरखाली होत होतं, एवढंच मला कळत होतं.

मग दुसरा घोळका. मग एकेक, दोनदोन. मग कुणीच नाही. धूळ खाली बसली, लोक चटया झटकायला लागले. दुलमा टाचा उंच करून बघत होती.

आणि मग लांबून गाणं ऐकू आलं. ओयुन गात होती. तांबडी दुडक्या चालीनं येत होती, कान पुढे, पोट मस्त गोल. एका जागी तिला हिरवं गवत दिसलं तर ती थांबली, तोंडभर घेतलं, चावत चावत परत निघाली. टेकडीवर हशा पिकला. थरथर नव्हती. धडधाकट होती. दुलमानं देंदेवचा दंड धरला आणि सोडला नाही.

आमच्याकडे शिंगरांच्या शर्यतीत सगळ्यात शेवटी येणाऱ्याचा मान असतो. त्याला 'बायन होदोद' म्हणतात, म्हणजे भरल्या पोटाचं. पहिल्यासारखंच त्यालाही पुढे आणतात आणि त्याच्यासाठी कौतुकाची कवनं म्हणतात. देंदेवनं ती आयुष्यात धड ऐकली नव्हती. त्या वेळी तो नेहमी आपल्या पुढे आलेल्या घोड्याभोवती असायचा.

आज त्यालाच लगाम धरून पुढे यावं लागलं. इतक्या माणसांतून तो चालत गेला. कवन म्हणणारा म्हातारा उठला. एका हातात आंबवलेल्या दुधाची वाटी, दुसरा हात तांबडीच्या मानेवर. त्यानं लांब सुरात सांगितलं की हे पोर मागे राहिलं यात त्याचा दोष नाही. पाय त्याचे चांगले, काळीज मोठं. दोष असेल तर बांधणाऱ्याचा, त्याला याचं मन कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात या पोराची धूळ बाकीचे खातील.

दरवर्षी 'दोष बांधणाऱ्याचा' आलं की लोक हसतात. तो विनोदच असतो. यंदाही हसले. देंदेवनं टोपी काढली.

"खरं आहे," तो म्हणाला.

हसू विरलं. म्हाताऱ्यानं एक क्षण त्याच्याकडे बघितलं, मग उरलेलं दूध हळूच तांबडीच्या पाठीवर ओतलं. शागदार गर्दीतून पुढे आला. आता काहीतरी बोलणार म्हणून मी अंग चोरलं.

"दादा," तो म्हणाला, "घाम निपटा की. आम्हाला कपाळाला लावायचाय. तुम्ही कबूल केलं होतंत."

देंदेवनं मला काढलं. मानेपासून पोटाखाली एक लांब ओढ. घाम होता, दूध होतं, धूळ होती, सगळं एकत्र. त्यानं चाखून बघितलं नाही. शागदारनं खरंच बोट लावून कपाळाला लावलं. मग ओयुननं. मग आणखी काही जणांनी.

त्यालाही आता वर्षं झाली. पुढच्या उन्हाळ्यात तांबडी पहिली आली का, असं तुम्ही विचाराल. नाही आली. मधेच कुठेतरी आली आणि नंतर देंदेवनं तिला शर्यतीला नेलं नाही, कळपात सोडलं. मला आता उभी चीर गेली आहे. दुलमानं ती बारीक चामड्यानं आवळून बांधली आहे. उन्हाळ्यात दावणीला एखाददुसरा घोडा असतो. देंदेव अजून बोट बुडवतो, जिभेवर ठेवतो, आणि मग दुलमाला हाक मारतो, "तू काय दिलंयस ते आधी सांग." ती सांगते. सकाळी चोथ्याची बादली बऱ्याचदा तोच घेऊन जातो.

तुमच्या घरी घोडे नसतील. पण कुणाला तरी भूक धरायला लावणारे आणि कुणाला तरी चोरून भरवणारे हात तुमच्याही घरात असतीलच. एवढंच मागते, ते हात एकमेकांशी बोलू देत. मधे उभं असतं त्याला सांगता येत नाही. मलाही नाही आलं.

मागच्या वसंतात तांबडी व्यायली, तीही नेमकी बर्फाची भुरभुर चालू असताना. शिंगरू ओलंचिंब, वारा बोचरा. हाताशी काही नव्हतं म्हणून देंदेवनं दांडीतून मला ओढून काढलं आणि त्या एवढ्याशा पाठीवरून फिरवलं. मी इतकी वर्षं निपटत आले, पण तो घाम नव्हता. कोमट होतं, आईच्या पोटातलं. देंदेवनं सवयीनं बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

दुलमा दारात उभी होती. "काय म्हणते हुसूर?"

"भूक लागलीय म्हणते," तो म्हणाला, आणि शिंगराला आईकडे सरकवून बाजूला झाला.